दुय्यम खेळाडूचे मोल
(द्वितीय वर्ष, कला)

अर्थशास्त्राच्या तासाला आपण मजुरीचा सीमांत उत्पादकता सिद्धांत शिकतो. एक मजूर वाढविल्याने उत्पादनात जी भर पडते, तेवढी त्याची मजुरी, असा त्याचा थोडक्यात आशय. परंतु पाच जण मिळून एकच काम करीत असतील, तर त्यांतील एकाची भर वेगळी कशी काढावयाची? या प्रश्नाचे एक बोलके उदाहरण मला अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये, म्हणजे एन.बी.ए.मध्ये सापडले. त्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पूर्वी तेथे करार संपला तरी खेळाडू त्याच संघाला बांधलेला असे. ऑस्कर रॉबर्टसन व इतर खेळाडूंनी १९७० साली या प्रथेविरुद्ध न्यायालयात दावा लावला. १९७६ साली तडजोड झाली आणि १९८८ पासून ठरावीक अटी पुऱ्या करणाऱ्यांना पूर्ण मोकळीक मिळाली. करारातून असा मोकळा झालेला खेळाडू म्हणजे ‘फ्री एजंट’. संघाच्या नायकाची किंमत ठरविणे फारसे अवघड नसते. खरी कसोटी लागते ती दुय्यम खेळाडूचे मोल ठरविताना.

ॲलेक्स करूसो हा असाच एक खेळाडू. २०१६ साली नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला एकाही संघाने घेतले नाही. पुढे लॉस एंजेलिस लेकर्स संघात तो शिरला आणि २०२० साली विजेतेपदाच्या निर्णायक सामन्यात प्रशिक्षकांनी त्याला सुरुवातीच्या पाचांत उतरविले. २०२१ च्या उन्हाळ्यात त्याचा करार संपला, तेव्हा तो २७ वर्षांचा होता. त्या हंगामातील त्याची सरासरी होती २१ मिनिटांत ६.४ गुण. केवळ हा आकडा पाहणारा म्हणेल, “यात विशेष ते काय?”

म्हणून दुसऱ्या कसोट्या लावाव्या लागतात. पहिली, लांबून मारलेल्या तीन गुणांच्या फेकींची. करूसोच्या अशा ४० टक्के फेकी यशस्वी झाल्या. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला त्याला मोकळे सोडता येत नसे आणि लेब्रॉन जेम्ससारख्या नायकाला आत घुसण्यास वाट मिळे. दुसरी कसोटी बचावाची. प्रतिस्पर्ध्याला हव्या त्या जागी जाऊ न देणे, त्याचा पास हाताने अडविणे, अंगावर धडक घेऊन चेंडू आपल्या संघाला मिळवून देणे. यांतील बरेचसे नेहमीच्या गुणपत्रकात उतरत नाही. जी फेक झालीच नाही, तिची नोंद कोण करणार?

तिसरी कसोटी ‘प्लस-मायनस’ या हिशेबाची. खेळाडू मैदानावर असताना आपल्या संघाने केलेल्या गुणांतून प्रतिस्पर्ध्याचे गुण वजा करावयाचे. हा हिशेब न नोंदलेले कामही पकडतो. परंतु त्यात सोबत्यांचे श्रेयही मिसळलेले असते. उत्तम सोबती लाभलेल्याचा आकडा आपोआप फुगतो. म्हणून एका हंगामावर विसंबू नये आणि सोबती बदलल्यावर काय होते तेही पाहावे.

चौथी गोष्ट पर्यायाची, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. एन.बी.ए.मध्ये संघाच्या एकूण वेतनावर मर्यादा असते. आपल्या जुन्या खेळाडूस ठेवण्यासाठी ती ओलांडता येते. मात्र त्यापुढील एका पातळीनंतर संघाला जबर कर भरावा लागतो. मर्यादेपलीकडे गेलेल्या संघाने असा खेळाडू सोडला, तर वाचलेल्या पैशांत तेवढ्याच तोलाचा दुसरा सहसा आणता येत नाही. तेव्हा “हा किती गुण करतो?” यापेक्षा “हा गेल्यास त्याच्या जागी कोण?” हा प्रश्न आधी विचारावा.

त्या उन्हाळ्यात लेकर्सनी २० वर्षांच्या टेलन हॉर्टन-टकरशी नवा करार केला. त्याची सरासरी ९ गुणांची. पण लांबच्या फेकींचे यश २८ टक्के. तरुण खेळाडू सुधारेल ही आशा गैर नव्हती. करूसो मात्र चार वर्षांच्या सुमारे ३ कोटी ७० लाख डॉलरच्या करारावर शिकागो बुल्सकडे गेला. पुढील हंगामात लेकर्स ३३ सामने जिंकून ४९ हरले. त्याचे सारे खापर या एका निर्णयावर फोडणे अन्यायाचे होईल, कारण त्यांचे प्रमुख खेळाडूही जायबंदी होते. परंतु हॉर्टन-टकरला त्यांनी २०२२ मध्येच दुसऱ्या संघाला दिले. आणि करूसो २०२३ साली सर्वोत्तम बचाव करणाऱ्या पाचांत निवडला गेला. २०२५ साली ओक्लाहोमा सिटी थंडर संघातून त्याने दुसरे विजेतेपदही मिळविले. सोबती बदलले, तरी गुण टिकला.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. माझे वडील बाजार समितीच्या आवारात हमाली करतात. तेथे मजुरी पोत्यामागे मिळते. पण ट्रकवर थप्पी लावणाऱ्याचे कसब पोत्यांच्या मोजणीत येत नाही. थप्पी नीट लागली म्हणून वाटेत पोती कोसळली नाहीत, याची पावती कोणी फाडीत नाही. तो कामावर आला नाही, की मगच त्याची किंमत सर्वांना कळते.

एन.बी.ए.तील खेळाडूला निदान करार संपल्यावर दुसऱ्या दारी जाऊन आपले मोल विचारता येते, आणि तो हक्कही झगडूनच मिळालेला आहे. सीमांत उत्पादकता मोजताना मोजणाऱ्याची फूटपट्टी अपुरी असू शकते, हे ध्यानात ठेवले तर आपला सिद्धांत अधिक खरा ठरेल, असे मला वाटते.