बुंध्याला पाणी नको

2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं आणि एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला 10 टाक्या होत्या, एकेका टाकीत सुमारे 50 हजार लिटर पाणी. माणसांनाच पाणी मोजून मिळत होतं. परसातल्या आंब्याला आणि लिंबोणीला कुठून घालणार? आमच्या गल्लीत त्या वर्षी बरीच झाडं गेली. पण सगळी तहानेने गेली नाहीत, आणि हे मला तेव्हापासून भेटेल त्याला सांगावंसं वाटतं. काहींना पाणी मिळूनही ते लागलं नाही, एकाचं खोड उन्हाने भाजलं, आणि एक झाड तर जिवंत असताना तोडलं गेलं.

आधी पाण्याचं. उरलंसुरलं पाणी लोक रोज संध्याकाळी झाडाच्या बुंध्यात ओतत. जीव तुटत होता म्हणूनच ओतत, पण पाणी शोषणाऱ्या बारीक मुळ्या बुंध्याशी फारशा नसतातच. भर दुपारी बारा वाजता झाडाची सावली जिथे संपते, त्या कडेच्या आसपास त्या पसरलेल्या असतात. आळं तिथे करायचं, खोडाभोवती मातीची भर घालून. लिंबोणीच्या बाबतीत तर हे फारच सांभाळावं लागतं. खोड सतत ओलं राहिलं की डिंक्या येतो, सालीतून डिंक गळू लागतो आणि झाड खंगत जातं. जुने बागाईतदार लिंबूवर्गीय झाडांना दुहेरी आळं करतात ते याचसाठी. आतलं आळं कोरडं ठेवायचं, पाणी बाहेरच्या आळ्यात.

रोज तांब्या-तांब्या घालण्यापेक्षा चार-पाच दिवसांचं पाणी साठवा आणि मोठ्या झाडाला सूर्य कलल्यावर एकदम द्या. थोडं पाणी वरच्या दोन बोटं मातीतच राहतं आणि दुसऱ्या दिवशी ऊन ते ओढून घेतं. पाणी खोल गेलं की मुळ्याही खोल जातात. नव्या रोपांना मात्र इतका धीर नसतो. त्यांच्याशेजारी एक साधं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, भरून ठेवा, वर झाकण घाला. मडकं पाझरत राहतं आणि रोप त्याच्यावर तगतं. उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी कढत असतं, ते बाजूला सोडून द्या.

कोणतं पाणी चालतं, असंही लोक विचारतात. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी उत्तम, आंघोळीचंही चालतं. वॉशिंग मशिनचं पावडरचं पाणी मी झाडांना देत नाही. त्यातल्या सोडियमने आपली काळी माती आणखी घट्ट होते आणि पाणी मुरेनासं होतं. शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारं पाणीही क्षारांचं असतं. ते फरशी पुसायला वापरा. पानांच्या कडा करपल्या की लोकांना वाटतं पाणी कमी पडलं. पुष्कळदा ते क्षार असतात.

आता मातीकडे या. मराठवाड्याची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. या भेगांतून खालची ओल उडून जातेच, शिवाय जमीन फाकताना बारीक मुळ्याही तुटतात. म्हणून वरचा थर खुरप्याने हलका करून भेगा बुजवायच्या आणि त्यावर पाचट, पालापाचोळा, तुरीचा भुसा, जे मिळेल त्याचा वीतभर थर पसरायचा. आमच्या गल्लीत त्या उन्हाळ्यात जी झाडं वाचली, त्यांतल्या बहुतेकांच्या बुडाशी असं आच्छादन होतं. बाकी काही जमलं नाही तरी एवढं कराच. थर खोडाला मात्र टेकवू नका, नाहीतर वाळवी चढते. वीतभर जागा मोकळी ठेवा.

शेजारच्या अंगणातल्या आंब्याचं मात्र फार वाईट वाटतं. मार्चमध्ये विजेच्या तारांना लागतात म्हणून कोणीतरी पश्चिमेकडच्या सगळ्या फांद्या उतरवल्या. वर्षानुवर्षं सावलीत असलेलं खोड एकाएकी दुपारच्या उन्हात उघडं पडलं. साल भाजली, तडकली आणि पुढे खोडकिडा शिरला. बुडाशी भुसा पडू लागला तेव्हा फार उशीर झाला होता. छाटणी उन्हाळ्यात करू नये. करावीच लागली, तर उघड्या पडलेल्या खोडाला त्याच दिवशी चुना लावा आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी, याच प्रमाणात थोडीशी घरी करता येते. धातूचं भांडं नको, प्लास्टिकचं घ्या.

पाणी सगळ्यांना पुरणार नसेल तर निवड करावी लागते, आणि ती आधीच करून ठेवलेली बरी. हिरवळ जाऊ द्या, ती पावसाळ्यात पुन्हा लावता येते. आधी एक-दोन वर्षांची रोपं, मग लिंबोणी, मग बाकीची; जुना, खोल मुळांचा आंबा सर्वांत शेवटी. अशक्त झाडावरची फळं लहान असतानाच काढून टाका. मन होत नाही, पण झाडाचा जीव त्यात जातो. रोपांना दक्षिण-पश्चिमेकडून तुराट्यांचा किंवा बारदानाचा आडोसा करा. बाष्पीभवन कमी करायला 10 लिटर पाण्यात 800 ग्रॅम केओलिन मिसळून पानांवर फवारतात. पांढरा थर ऊन परतवतो. युरियाला उन्हाळ्यात हात लावू नका. तो नवी कोवळी पालवी आणतो, आणि ती पोसायला पाणी कुठलं?

तोडलं गेलेलं झाड सीताफळाचं होतं. घरात नवे भाडेकरू आले होते. निष्पर्ण झाड पाहून त्यांना ते वाळलंय असं वाटलं. सीताफळ उन्हाळ्याच्या तोंडाला पानं गाळतंच, पाण्याची बचत करण्याची त्याची ती रीत आहे. कुऱ्हाड पडली तेव्हा आतलं लाकूड ओलं होतं. म्हणून वाळल्यासारख्या दिसणाऱ्या झाडाची फांदी नखाने खरवडून पाहा. सालीखाली हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. वरच्या फांद्या कोरड्या निघाल्या तर खाली बुंध्याशीही खरवडून पाहा, कारण शेंडे वाळलेलं झाडसुद्धा पुष्कळदा तिथून फुटतं. शहरात झाड तोडायला 1975 च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार परवानगी लागते, ती वेगळी गोष्ट. वळवाचे एक-दोन पाऊस झाले म्हणून लगेच निर्णय घेऊ नका. आषाढ संपेपर्यंत थांबा, आच्छादन तसंच कुजू द्या, आणि शेणखत जमीन नीट भिजल्यावरच घाला.