नाक चोंदणे आणि बोटांचा दाब

पडसे झाले म्हणजे नाक चोंदते. ते शेंबडाने भरल्यामुळेच बंद झाले, अशी सर्वसाधारण समजूत असते. म्हणून माणूस पुनःपुन्हा जोराने नाक शिंकरतो. वस्तुतः अडथळ्याचे मुख्य कारण बहुधा निराळे असते. नाकाच्या पोकळीत शिंपल्यासारखी वळलेली हाडे असून त्यांवरील श्लेष्मकलेत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. ह्या वाहिन्या रक्ताने फुगल्या की हवेची वाट अरुंद होते. निरोगी माणसातही काही तासांच्या अंतराने एक नाकपुडी आकसते व दुसरी मोकळी होते.

नाकाभोवतीच्या हाडांत हवेच्या पोकळ्या असतात. त्यांना नासाकोटरे म्हणतात. त्यांच्या चार जोड्या आहेत : कपाळात, गालांच्या हाडांत, दोन्ही डोळ्यांच्या मध्ये आणि खोल, कवटीच्या तळाशी. ही कोटरे बारीक वाटांनी नाकात उघडतात. सुजेमुळे त्या वाटा बुजल्या की स्राव आत तुंबतो आणि कपाळ किंवा गाल जड होऊन ठणकू लागतात.

दाब कोठे द्यावा?

चिनी वैद्यकात ह्यासाठी काही बिंदू सांगितले आहेत. नाकपुडीच्या पाकळीलगत, गालाकडे उतरणाऱ्या घडीत ‘यिंगश्यांग’ हा बिंदू आहे. ह्या नावाचा अर्थ ‘सुगंधाचे स्वागत’ असा होतो. दुसरा बिंदू भुवईच्या आतल्या टोकाशी, हाडाच्या खळगीत असतो. दोन्ही बाजूंना बोटांच्या टोकांनी सोसवेल इतकाच दाब द्यावा, एकदोन मिनिटे हळूहळू गोलाकार चोळावे आणि श्वास संथ ठेवावा. डोळ्याच्या बुबुळावर दाब पडू देऊ नये. त्वचेवर जखम किंवा गळू असल्यास तेथे बोट लावू नये.

गुण कशाने येतो?

शरीरावरील दाबाचा नाकावर परिणाम होतो, ह्याचे एक उदाहरण भारतात जुन्या काळापासून परिचित आहे. योगी काखेखाली योगदंड टेकवून श्वासाची नाकपुडी बदलत. काखेवर दाब पडला असता त्या बाजूची नाकपुडी आकसते व विरुद्ध बाजूची मोकळी होते, हे प्रयोगशाळेतील मोजमापांनीही दाखविले आहे. कुशीवर निजल्यावर खालची नाकपुडी बंद होते, ती ह्याच प्रकारच्या प्रतिक्षिप्त क्रियेने.

परंतु मोकळे वाटणे आणि मोकळे होणे ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. मेंथॉल हुंगले की नाक उघडल्यासारखे वाटते. मात्र १९८३ साली कार्डिफ येथील संशोधकांनी मोजले असता नाकातील अडथळ्यात तसा निश्चित फरक आढळला नाही. मेंथॉल केवळ थंडाव्याच्या संवेदना वाहणाऱ्या नसांना चेतविते. चेहरा चोळल्याने मिळणारा आराम कितपत जाणिवेचा व कितपत हवेच्या वाटेचा, हाही असाच विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

वाचकास ह्याची साधी परीक्षा घेता येईल. थंड आरसा नाकाखाली आडवा धरून तोंड मिटून श्वास सोडावा. आरशावर वाफेचे दोन डाग उमटतील. त्यांचे आकार पाहून ठेवावेत. दाब दिल्यानंतर पुन्हा पाहावे. नाकपुड्या आपोआपही बदलतात. म्हणून ही परीक्षा निरनिराळ्या दिवशी, कधी दाब देऊन तर कधी न देता, अनेकदा केली पाहिजे.

मर्यादा

दाबाने जंतू मरत नाहीत व तुंबलेला पू नाहीसा होत नाही. साधे पडसे बहुधा आठदहा दिवसांत आपोआप ओसरते. मात्र दहा दिवसांनंतरही त्रास कमी झाला नाही, किंवा बरे वाटू लागून पुन्हा ताप व दुखणे वाढले, तर डॉक्टरांकडे जावे. डोळ्याभोवती सूज, एकाच्या दोन वस्तू दिसणे, मान ताठणे, तीव्र डोकेदुखी अथवा ग्लानी ही लक्षणे दिसल्यास क्षणाचाही विलंब करू नये. कारण नासाकोटरे आणि डोळा व मेंदू ह्यांच्यामध्ये हाडाचा पातळ पडदाच काय तो असतो. बोटांचा दाब हा घटकाभराचा विसावा आहे. त्यापायी उपचारांस उशीर होता कामा नये.