‘कर्णिका’ जहाजाचे गुण आणि ऐब : जुना माल घेणाऱ्यांसाठी एक धडा

जुना माग, जुना ट्रक, जुनी शिलाई मशीन. आपल्यापैकी कित्येकांचा धंदा अशा जुन्या मालावरच उभा राहिला आहे. मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेल्या मागांवर भिवंडी-मालेगावची कितीतरी घरे चालली. म्हणून जुनी वस्तू घेण्यात कमीपणा मुळीच नाही. मात्र तिचे गुण आणि ऐब दोन्ही तराजूत टाकूनच सौदा करावा. त्यासाठी आज एका मोठ्या जुन्या वस्तूचे उदाहरण घेऊ. ती वस्तू म्हणजे मुंबईहून चाललेले ‘कर्णिका’ हे पर्यटक जहाज. अशा जहाजांवरची दारू व जुगार आपल्याला हराम आहेत. इथे आपण फक्त तिजारतीचा हिशेब पाहणार आहोत.

हे जहाज १९९० साली इटलीतील मोनफाल्कोने येथे तयार झाले. तेव्हा त्याचे नाव ‘क्राउन प्रिन्सेस’ होते. लांबी सुमारे २४५ मीटर आणि आकार सुमारे ७० हजार ग्रॉस टन. (हे टन वजनाचे नव्हे, जहाजातील जागेचे माप आहे.) पुढे मालक बदलले, नावे बदलली. ऑस्ट्रेलियात ते ‘पॅसिफिक ज्युएल’ म्हणून चालत होते. २०१९ मध्ये जलेश क्रूझेस या कंपनीने ते मुंबईत आणले. तेव्हा जहाजाचे वय २९ वर्षे होते.

आधी गुण पाहू.

पहिला गुण, भांडवल. नवे मोठे जहाज बांधायला कोट्यवधी डॉलर आणि काही वर्षे लागतात. जुने जहाज त्या मानाने थोड्या पैशात मिळते आणि रंगरंगोटी-दुरुस्ती करून लवकर कमाईला लागते.

दुसरा गुण, आकार. आजची मोठी जहाजे पाच-पाच हजार प्रवासी नेतात. ‘कर्णिका’त सुमारे दोन हजार मावत. बाजार नवा असेल तेव्हा लहान दुकान भरणे सोपे जाते.

तिसरा गुण, पारख. इतकी वर्षे समुद्रात चाललेल्या जहाजाचे बरेच ऐब कागदोपत्री नोंदलेले असतात. घेणाऱ्याने ते वाचावेत.

आता ऐब.

पहिला ऐब, जुनी रचना. आजच्या प्रवाशाला खोलीला बाल्कनी हवी असते. या जहाजात सुमारे आठशे खोल्या होत्या, पण बाल्कन्या थोड्याच खोल्यांना होत्या. लोखंडी सांगाड्यात नंतर फेरफार करणे फार महाग पडते.

दुसरा ऐब, कायदा. १ जानेवारी २०२० पासून जगभर जहाजाच्या तेलातील गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आली. म्हणजे महाग तेल घ्या, नाहीतर धूर धुण्याचे यंत्र बसवा. नव्या जहाजात याची सोय बांधतानाच करता येते. जुन्याला वेगळा खर्च पडतो.

तिसरा आणि सर्वांत मोठा ऐब म्हणजे उभे राहण्याचा खर्च. जहाज चालो वा न चालो, खलाशांचा पगार, विमा, जनरेटरचे तेल, बंदराचे भाडे चालूच राहते. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे प्रवास बंद झाले. कमाई थांबली, खर्च थांबला नाही. त्याच वर्षी कंपनी बंद पडली, जहाज लिलावात गेले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये गुजरातच्या अलंग किनाऱ्यावर तोडायला लागले.

मग ‘जुने होते म्हणून बुडाले’ असे म्हणावे काय? नाही. या जहाजाला एक जुळी बहीण आहे. त्याच कारखान्यात, त्याच नकाशावर १९९१ साली बांधलेली ‘रीगल प्रिन्सेस’. वय तेच, ऐब तेच. तीही हातोहात फिरली. पण २०२१ मध्ये तिला योग्य गिऱ्हाईक मिळाले आणि २०२२ पासून ती ‘अँबियन्स’ नावाने इंग्लंडच्या टिलबरी बंदरातून प्रवासी नेऊ लागली. मंदीत घेतलेला माल, आणि विमानाची दगदग न करता घराजवळच्या बंदरातून निघू इच्छिणारे वयस्क प्रवासी. या गिऱ्हाइकाला जुने जहाज चालते.

बंधूंनो, यातून आपण चार प्रश्न लक्षात ठेवावेत. सेकंडहँड रॅपियर घेताना स्वतःला विचारा :

१. माझ्या गिऱ्हाइकाला हिच्यावरचा माल चालेल काय?
२. सुटे भाग व कारागीर जवळ मिळतील काय?
३. उद्या नियम बदलला तर ही मशीन टिकेल काय?
४. सहा महिने बंद राहिली तर भाडे, पगार, हप्ते कोठून देणार?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर नसेल तर सौदा कितीही स्वस्त असो, हात आखडता घ्यावा. हातातील सर्व रक्कम मशीनमध्ये घालून वर व्याजाचे कर्ज काढणाऱ्याला पहिली मंदीच बुडवते. चांगल्या दिवसांत गिऱ्हाईक मिळते. वाईट दिवसांत जुन्या वस्तूला बहुधा भंगारवालाच मिळतो.

आणि आपण स्वतः विकत असू तेव्हा ऐब झाकू नये. तो सांगून विकणे आपल्या दीनने विक्रेत्यावर बंधनकारक केले आहे. बरकत त्यातच आहे.