एक जण आत थांबा

कारखान्यांचा हंगाम सुरू झाला, की लातूर-बार्शी रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या वाढतात. अंधारात मागचा लाल दिवा नसलेली ट्रॉली मोटारसायकलवाल्याला दिसतच नाही. मग याच रस्त्यावरच्या मुरुडला रात्री-अपरात्री जीप भरून माणसं दवाखान्यात येतात; जखमी एक, नातेवाईक बारा. आम्ही डॉक्टर पहिलं ओरडतो ते ‘सगळे बाहेर व्हा!’ मीही कैक वर्षं तेच ओरडलो. आता म्हणतो, एक जण आत थांबा.

दाराबाहेरच्या माणसाला आतलं काहीच कळत नाही. पेशंट दगावला, तर ‘डॉक्टरनं हातच लावला नाही’ हा संशय त्या घरात कायमचा मुक्कामाला येतो. 2013 साली फ्रान्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. घरीच हृदय बंद पडलेल्या रुग्णाची छाती दाबणं चालू असताना ज्या नातेवाइकांना जवळ थांबायची मुभा दिली, त्यांना तीन महिन्यांनी मनाचा त्रास इतरांपेक्षा कमी होता. उपचारातही अडथळा आला नव्हता. ते अपघाताचे रुग्ण नव्हते हे खरं. पण दाराबाहेरची तगमग तीच.

कुणी थांबावं? घरातला मोठा म्हणून मान देऊ नका. ज्याला रक्त बघून भोवळ येत नाही आणि जो प्यालेला नाही, तो. बहुतेक वेळा ती बाईमाणूस निघते, असा माझा अनुभव. लेकरू जखमी असेल तर आईच बरी. आत थांबणाऱ्यानं आम्हाला सांगावं: पेशंटला शुगरची किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, कोणत्या औषधाची रिअॅक्शन येते, शेवटचं कधी जेवला. गोळ्यांची पिशवीच आणली तर फार उत्तम. सिस्टर दाखवतील तिथं उभं राहून हात धरा, नावानं हाक मारा. पेशंटची मान हलवू नका. घोटभरही पाणी पाजू नका. भूल द्यावी लागली तर पोटातलं फुफ्फुसात जाण्याची भीती असते. मोबाइल खिशात. एक्स-रेच्या वेळी, किंवा आम्ही ‘आता बाहेर’ म्हटलं, की वाद न घालता निघायचं. गरगरलं तर तिथंच खाली बसा, नाहीतर आम्हाला पेशंट दोन होतात.

लातूरला हलवायचं झालं, तर 108 रुग्णवाहिकेत सगळं गणगोत बसणार नाही. बाकीच्यांनी मागून गाड्या दामटू नका. रस्त्यावर ट्रॉल्या अजून आहेतच.

सगळीकडे परवानगी मिळेलच असं नाही. पण घाईत आम्ही विसरलो, तर तुम्हीच विचारा: ‘डॉक्टरसाहेब, मी एकटी आत थांबू का?’