छतावरचे पॅनेल आणि नाशिकची दुपार

गेल्या डिसेंबरात माझ्या गोदामावर सौर पॅनेल बसवायला आलेल्या माणसाने घड्याळात १२ वाजता काठीची सावली पाहून दक्षिण ठरवली. मी हात धरला. आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाचे, नाशिक सुमारे ७३.८ वर. फरक ८.७ अंश. एक अंश सरकायला सूर्याला ४ मिनिटे लागतात, म्हणजे आपली खरी दुपार सरासरी १२.३५ ला. फेब्रुवारीच्या मध्यावर ती १२.४९ ला जाते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.१९ ला येते. (मशिदीतल्या तक्त्यात जवालची वेळ सरकते, ती याच हिशेबाने.) डिसेंबरात १२ ची सावली धरली तर पॅनेल सुमारे ११ अंश पूर्वेकडे वळते.

आता कल. नाशिकचा अक्षांश २०. त्यातून सूर्याची क्रांती वजा करा. २१ डिसेंबरला क्रांती उणे २३.५, म्हणून कल दक्षिणेला ४३.५. मार्च-सप्टेंबरच्या २१-२२ तारखांना २०. जूनअखेर तर दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, साडेतीन अंश!

मोटरीने पॅनेल फिरवायचे तर तासाला १५ अंश. पण लहान छताला मोटरीची देखभाल परवडत नाही, असे माझे मत. मी २० अंशांवर पक्के केले. ज्यांचा सांगाडा हलतो त्यांनी दिवाळीनंतर कल वाढवावा, होळीनंतर उतरवावा.