सुतारकामाचं टेबल कुणाच्या मापाचं?



2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत. सुतार, माळी, कुंभार यांच्या हाताखाली मुलांनी काम शिकावं, हा हेतू. एकलहऱ्याच्या आमच्या शाळेत आम्ही सुतारकाम घेतलं. टेबल प्रयोगशाळेतलंच, 85 सें.मी. उंच. सहावीतली एक मुलगी चवड्यांवर उभी राहून करवत ओढत होती आणि करवत सारखी अडकत होती. मी वहीत लिहून टाकलं, 'सरावाची गरज'.

मदतीला आलेल्या सुतारकाकांनी काही न बोलता तिची फळी गुडघ्याएवढ्या खोक्यावर ठेवली, "गुडघ्याने दाब" म्हणाले. करवत सरळ चालली! चूक माझ्या टेबलाची होती.

आपल्याकडचा जुना सुतार जमिनीवर बसून, लाकूड पायाने धरून काम करायचा. त्याला टेबलाचा प्रश्नच नव्हता. आपण मुलांना उभं केलं, मग उंचीही आपणच बघायला हवी. घरचं उदाहरण घ्या ना. ज्या ओट्यावर भाजी छान चिरता येते, त्यावरच कणीक तिंबताना बुटक्या बाईचे खांदे भरून येतात. कारण जोर वरून लावायचा असतो.

मूल सरळ उभं करा, हात खाली सोडायला सांगा आणि मापं घ्या. करवतीला गुडघ्याची उंची, रंध्याला मनगटाची, खुणा करणं आणि पटाशीच्या नाजूक कामाला कोपराची. 140 सें.मी.च्या मुलासाठी ही साधारण 40, 65 आणि 88 सें.मी. येतात. उंच टेबलापाशी मुलाला स्टुलावर मात्र चढवू नका, जोर लावताना तोल जातो.

आम्हाला खोली दुपारी रिकामी करून द्यावी लागते. म्हणून दोन घोड्या आणि वर जाड फळी, अशी तीन उंचींची टेबलं केली. उचलायला हलकी, पण तीच अडचण, रंधा मारला की टेबल पुढे सरकतं. मग रंध्याच्या टेबलाचं पुढचं टोक भिंतीला टेकवलं, रंधा भिंतीच्या दिशेने. पायांखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे आणि खालच्या आडव्या पट्टीवर वाळूची पिशवी. करवतीचं टेबल खोलीच्या मधोमध, कारण लांब फळी दोन्ही बाजूंना बाहेर येते. तिथून येजा बंद. कोपराच्या उंचीचं खिडकीपाशी, उजेड डावीकडून. डावखुऱ्या मुलाला उलट बाजूने बसवा, नाहीतर त्याच्याच हाताची सावली खुणेवर पडते. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं, बरं का!

मी कुठे उभं राहायचं? दाराशी. तिन्ही टेबलांवरचे हात तिथून दिसतात.

वहीतला तो शेरा मी खोडला. त्या जागी तिची तीन मापं लिहिली आहेत. जूनमध्ये पुन्हा घ्यावी लागतील, पोरगी भराभर वाढतेय.