दिवाळीआधी दाढेला टोपी

बीड जिल्ह्यात मुलाच्या किडलेल्या दाढेवर उपचार ठरवताना दिवाळी किती लांब आहे, हे पाहावंच लागतं. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारच्या वाड्यावस्त्यांवरून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांचे कोयते एकदा साखर कारखान्यांकडे निघाले, की घराचं कुलूप उघडतं ते मार्च-एप्रिलातच. दाढेत तात्पुरतं सिमेंट भरून ‘पंधरा दिवसांनी या’ असं सांगितलेलं पोर तोवर उसाच्या फडात असतं. सिमेंट निघून जातं आणि रात्री कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, ते गाल धरून रडतं.

अशी दाढ अनेकदा सहाव्या वर्षी येणारी असते. तिला जागा करून द्यायला एकही दुधाचा दात पडत नाही. शेवटच्या दुधाच्या दाढेमागं ती गुपचूप उगवते. म्हणूनच ‘दुधाचीच आहे, पडेल’ असं समजून घरचे निर्धास्त राहतात. ती दाढ कायमची असते, गेली की तिच्या जागी दुसरी येत नाही. नव्या दाढेचं वरचं कवच कच्चं आणि खाचा खोल असतात. त्यात बिस्किटाचा लगदा अडकून राहिला की कीड झपाट्यानं आत शिरते.

खड्डा लहान असेल तर भरून भागतं. दाढेच्या भिंतीच खचल्या असतील, तर मात्र स्टीलची तयार टोपी, म्हणजे क्राउन, बसवावी. अमेरिकेत विल्यम हम्फ्री यांनी १९५० मध्ये मुलांसाठी ती वापरात आणली. दाढ बधिर करून कीड काढायची, मापाची टोपी निवडून तिच्या कडा आवळायच्या आणि सिमेंटनं चिकटवायची. हे काम बहुधा एकाच खेपेत होतं. ऊसतोड कुटुंबासाठी याहून मोठा गुण दुसरा नाही. पहिले काही दिवस चावताना ती उंच लागते, मग सवय होते. मुलाला निकेलची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं. चंदेरी रंगाला नाक मुरडू नये. मोठेपणी ती बदलून दाताच्या रंगाची टोपी बसवता येते.

कीड दाढेच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचली असेल तर वय महत्त्वाचं ठरतं. या दाढेची मुळं नवव्या-दहाव्या वर्षापर्यंत वाढत असतात. म्हणून शक्य असेल तिथं आतली नस जिवंत ठेवून मूळ पूर्ण होऊ देतात आणि वर टोपी बसवतात. ‘काढूनच टाका’ असा आग्रह पालकांनी धरू नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं वर्षातून एकदा शाळेत मुलं तपासतात, त्यात दातही पाहतात. पुढच्या उपचारासाठी त्यांनी दिलेली चिठ्ठी जपून ठेवा. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात बालदंतरोगांचा वेगळा विभाग आहे.

फडावर जाताना फ्लोराइडची टूथपेस्ट सोबत घ्या. गालाला सूज आली, ताप भरला, तर त्याच दिवशी जवळचा सरकारी दवाखाना गाठा. शाळा जूनमध्ये उघडते; त्याच आठवड्यात मुलाला उजेडात बसवून सर्वांत मागची दाढ नीट पाहा. काळा ठिपका किंवा खड्डा दिसला, तर ऊसतोडीला नेणाऱ्या मुकादमाची गाडी दारात येण्याआधी उपचार पूर्ण करून घ्या.